तळवे

"वो तो हार्ट का केस है ना, मैडम?" असं विचारत ट्रॅफिक हवालदाराने माझं लायसन्स परत दिलं, आणि ते घ्यायला पुढे केलेला माझा हात खिडकीबाहेर तसाच राहिला. ज्या माणसाचं शव मी अजून पाहिलंही नव्हतं, त्याच्या मरणाचं कारण आमच्या नोएडातल्या सेक्टरबाहेरच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या या माणसाला माहीत होतं. अडवलं त्यात चूक माझीच होती. पुढची चाकं झेब्रा पट्ट्यांवर गेली होती. त्याने बॉनेटवर थाप मारून गाडी कडेला घ्यायला लावली, काचेवरचं डॉक्टरचं चिन्ह पाहून आवाज खाली आणला आणि कुठे चाललात म्हणून विचारलं. मी सांगून टाकलं की पोस्टमॉर्टेम आहे, चौकीत मेलेल्या त्या कॅबवाल्याचं, तीन डॉक्टरांचं बोर्ड बसणार आहे. सांगायची काही गरज नव्हती. पण पोलिसाने अडवलं की आपण कोण आहोत हे सांगायची घाई सगळ्यांनाच होते, मला जरा जास्तच. त्यावर तो हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा सहज म्हणाला, हार्टची केस आहे ना. आवाजात धमकी नव्हती, डोळ्यांत लबाडी नव्हती. त्याला तसं कुणीतरी सांगितलं होतं आणि त्याने ते ऐकून ठेवलं होतं, इतकंच. "देखते हैं," मी म्हटलं. "हाँ जी, देखना तो पड़ेगा," असं म्हणत त्याने सलाम ठोकला आणि चलान न करता मला सोडलं.

मी घाबरले. हे आधीच सांगून टाकते, कारण लुंबिनीमॅडम कशालाच घाबरत नाहीत असा आमच्या रुग्णालयात समज आहे आणि तो मी आवर्जून टिकवलेला आहे. न्यायवैद्यक हा माझा विषय. माझी हयात मेलेल्या माणसांत चालली आहे, आणि मेलेली माणसं कुणाला घाबरवत नाहीत. घाबरवतात ती जिवंत, आणि त्यातही अशी सज्जन, हसतमुख. हा हवालदार दुष्ट असता तर बरं झालं असतं. त्याला दोन शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. पण त्याच्या तोंडून निघालेली ती गोष्ट आता हवेत होती, चहाच्या टपरीवर होती, बहुधा आमच्या शवागाराच्या दारापर्यंत माझ्या आधीच पोचलेली होती. एक्स्प्रेसवेला लागल्यावर भीती ओसरली आणि राग आला. राग आला की माझी गाडी नीट चालते, हातही नीट चालतो. मला नुसत्या चांगुलपणाने काम करता येत नाही, थोडा राग लागतो, भाजीला मीठ लागतं तसा.

ओमबीर त्याचं नाव. बुलंदशहराकडचा, भाड्याची कॅब चालवायचा. परवा भर दुपारी त्याला एका चौकात अडवलं, कारण त्याची चाकं पट्ट्यांवर गेली होती. माझ्यासारखीच. बाजूला घेऊन काहीतरी आपसात मिटवायची भाषा झाली, तर हा म्हणाला मशीनवर चलान करा, आणि त्याने मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. तिथून त्याला चौकीवर नेलं, समजावून सांगायला. चौकीचं नाव मी इथे घेत नाही, ते अहवालात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत कळ आली म्हणून त्याला रुग्णालयात आणलं तेव्हा तो थंड झालेला होता. मोबाइल सापडला नाही. एवढं सगळं वर्तमानपत्रात आलं होतं. गाडी चालवताना माझ्या मनात सारखं तेच येत राहिलं की पट्ट्या त्याच, गुन्हा तोच. तो त्या पट्ट्यांवरून चौकीत गेला आणि मी सलाम घेऊन निघाले. माझ्या काचेवर चिन्ह होतं, माझं बोलणं साहेबी होतं, मी कॅमेरा सुरू केला नव्हता. चिन्ह नसतं तर? तर मी लुंबिनी काशीनाथ, हिंगणघाटच्या पोलीस लाइनीतली एका हवालदाराची मुलगी. हा प्रश्न विचारायला नको होता, कारण त्यामागून बाबा आले, आणि सकाळचा चहा आला.

बाबा आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. महाराष्ट्र पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण अजून पहाटे दाढी करून, शर्ट खोचून, कुणी तपासणीला येणार असल्यासारखे खुर्चीत बसतात. आज सकाळी त्यांच्यापुढे हिंदी वर्तमानपत्र होतं आणि त्यात ओमबीरचा फोटो होता. "बाई, हा आज तुझ्याकडेच येणार का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पेपरची घडी घालून त्यांनी ती कपाखाली ठेवली, फोटो खाली जाईल अशी. ते पाहिलं आणि इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघून गेलं. "बाबा, आपल्या क्वार्टरमागच्या आवारात ती माणसं चालायची. ती का चालायची?"

त्या चालण्याचं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ठाण्याचं मागचं आवार दिसायचं. तिथे एक कडुनिंब होता आणि त्याच्याभोवती कधीकधी एखादा माणूस अनवाणी चालत असायचा. भर थंडीत तापलेल्या वाळूवर चालावं तसा, पाय टेकला की उचलायचा, टेकला की उचलायचा. बाजूला एक शिपाई उभा असायचा, कधी बाबा असायचे. थांबला की म्हणायचे, चल. मला तो व्यायाम वाटायचा. मी आणि शेजारची केतकी अंगणात तशाच चालून दाखवायचो आणि हसून लोळायचो. बाबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, ते ती नक्कल करताना पाहिलं तेव्हा. का मारलं ते सांगितलं नाही. पुढे शिकताना पुस्तकात एका पानावर तळव्यांवरच्या माराचं प्रकरण आलं, वर काही दिसत नाही आणि आत सगळं फुटलेलं असतं, आणि मारल्यावर माणसाला चालवतात म्हणजे सूज पसरते, पायताणात पाय जातो. वाचनालयात ते पान वाचलं आणि मला उलटी झाली. सगळ्यांना वाटलं, नवशिकी आहे, शवं बघून होतं असं.

"तुला आठवतं ते?" बाबा म्हणाले.

"आठवतं."

"सूज उतरायला. डॉक्टरसमोर न्यायच्या आधी."

"तुम्ही मारायचात?"

"मारणारे वेगळे होते. मी चालवायचो." मग कपाच्या कानाशी बोट खेळवत म्हणाले, "वर्दी होती, बाई. ती काढली असती तर माझ्याजवळ काय राहिलं असतं?"

मी चहा अर्धा टाकून उठले. डबा घेतला नाही. लिफ्टमध्ये मला रडू आलं आणि तळमजल्यापर्यंत ते मी आवरलंही. मला बाबांचा राग आला होता आणि त्यांची दयाही आली होती, आणि दोन्ही एकाच वेळी येऊ नयेत असं मला फार वाटत होतं. कारण ती वर्दी त्यांना कशी मिळाली हे मला माहीत आहे. माझे आजोबा गावात पाटलांच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्यायचे आणि मान खाली घालून जायचे. त्यांचं आयुष्य इतरांच्या पायांकडे बघत गेलं. माणसं ते पायांवरून ओळखायचे असं बाबा सांगतात. बाबा भरती होऊन पहिल्या रजेवर गावी गेले ते मुद्दाम त्या आळीतून, बूट घालून, टाचा आपटत. कुणी काही बोललं नाही. ओट्यावर बसलेले दोघं उठून उभे राहिले. त्या रात्री आजोबांनी ते बूट उचलून देवळीत नेऊन ठेवले, जिथे बाबासाहेबांची तसबीर होती तिच्या खालच्या कप्प्यात. आमच्या घरी कुणी कुणाच्या पाया पडत नाही. बाबांनी ते बंदच करून टाकलं. जयभीम म्हणा, हात जोडा, पण डोकं कुणाच्या पायावर जाणार नाही. आणि तेच बूट त्या कडुनिंबाखाली अनवाणी माणसाच्या शेजारी उभे असायचे. आळीतले बूट आणि आवारातले बूट वेगळे करायचा मी खूप प्रयत्न केला आहे. ते होत नाहीत. जोड एकच होता.

रुग्णालयात पोचले तेव्हा शवागाराबाहेरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर ओमबीरची आई बसली होती. सोबत गावचे दोन वयस्क पुरुष, बाकी कुणी नाही. पिवळ्या ओढणीचा पदर तोंडात धरलेली, रडून संपलेली बाई. माझ्या हातातली बॅग पाहून मी कोण ते तिला कळलं. ती बाजूला सरकली, जणू मला कट्ट्यावर बसायचं होतं. आत बोर्डातले दोघे हजर होते. डॉ. द्वारकाप्रसाद सगळ्यांत ज्येष्ठ, पुढल्या उन्हाळ्यात निवृत्त होणारे, मंगळवारी शिपायापासून अधीक्षकापर्यंत प्रसाद वाटणारे, हाताचे फार सफाईदार. तिसरी डॉ. निधी, गेल्याच वर्षी रुजू झालेली, अजून प्रत्येक वाक्याच्या शेवटी सर म्हणणारी. दंडाधिकारी शव पाहून, आदेश देऊन गेले होते. चौकीतलं मरण म्हटलं की सगळं चित्रित करावं लागतं, म्हणून कॅमेरावाला भिंतीला टेकून तयार होता. द्वारकाजींनी मला पाहून मान डोलावली आणि हलकेच म्हणाले, "हार्ट बता रहे हैं." मी हातमोजे चढवले. दाराबाहेर नव्हे, ती बातमी टेबलापाशीच येऊन उभी होती.

आणि गंमत अशी की हृदय खरंच खराब होतं. एक रोहिणी अरुंद झालेली होती, या वयात व्हायला नको तेवढी. बिडी, कॅबमधलं बसणं, धाब्यावरचं खाणं. बाहेरून अंगावर काही नव्हतं, एका गुडघ्याला जरासं खरचटलेलं. पाठ उघडली, कुल्ले उघडले, मांड्या उघडल्या, कातडीखाली सगळं स्वच्छ. निधीने सुटकेचा श्वास टाकला तो मास्कमधूनही ऐकू आला. द्वारकाजींनी हृदय पुन्हा एकदा कॅमेऱ्याकडे फिरवलं. "कारण मिल गया," ते म्हणाले, आणि त्यात लबाडी नव्हती, ते जे दिसत होतं तेच सांगत होते. क्षणभर मलाही वाटलं, असेलही. असेलही हार्टच. तो हवालदार खरं बोलला असेल, बाबांच्या खिडकीतलं आवार मी इथे ओढून आणते आहे. किती बरं झालं असतं. मी घरी गेले असते, बाबांना म्हटलं असतं, हार्ट होतं, आणि आम्ही दोघांनी नीट चहा घेतला असता. मग मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

"तलवे रह गए, सर."

"तलवों पे क्या है? साफ़ तो हैं."

"पीठ भी ऊपर से साफ़ थी. फिर भी खोली ना हमने."

द्वारकाजींनी सुरी ट्रेमध्ये ठेवली. "मैडम, चरण हैं. बाहर घरवाले बैठे हैं. अंतिम दर्शन में पाँव छुएँगे, टाँके दिखेंगे. हम लोग मुँह और पाँव नहीं बिगाड़ते. आप तो जानती हैं."

मला माहीत होतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मी जिथे जिथे काम केलं तिथे तिथे पाळला जातो. चेहरा सोडायचा, पाय सोडायचे. मेलेल्याच्या पायावर घरची माणसं डोकं ठेवतात, त्यांच्या कपाळाला टाके लागू नयेत. साध्या मरणात मीही सोडते, कारण त्यात माया आहे. पण त्या टेबलाशी, त्या स्वच्छ, भेगाळलेल्या, जाड कातडीच्या तळव्यांसमोर मला लख्ख कळलं की ही माया चौकीतल्या माणसालाही माहीत आहे. आपण कुठे सुरी लावत नाही हे मारणाऱ्याला ठाऊक असतं. आपण श्रद्धेने जी जागा सोडतो, नेमकी तीच तो निवडतो. आमच्या हातून हे पिढ्यानपिढ्या होत आलं आहे, आणि आम्ही त्याला संस्कार म्हणत आलो. माझ्या आजोबांनी उभा जन्म पायांकडे बघण्यात घालवला होता. म्हटलं, आपणही आज बघू, जरा आतून.

"सर, आज शाम को इसे जला देंगे," मी म्हटलं. "उसके बाद आप और मैं मिलकर भी कुछ नहीं देख पाएँगे. आज नहीं काटा तो ये हार्ट ही रहेगा. हमेशा के लिए."

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा चालू होता. "आप काटिए," ते म्हणाले. "मेरा हाथ नहीं चलेगा."

"मेरा चलेगा."

टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत मी एक सरळ छेद घेतला. तिथली कातडी फार जाड असते, सुरी दोनदा फिरवावी लागते. कातडीखाली पिवळट चरबी दिसायला हवी. दिसलं ते काळं, साकळलेलं रक्त, सबंध तळवाभर, आणि चरबीचा पार चेंदा झालेला. निधीच्या तोंडून "हे भगवान" निघालं आणि मागोमाग "सॉरी सर". दुसरा तळवाही तसाच. मी सरळ उभी राहिले आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून मोठ्याने, सावकाश सांगायला लागले: दोन्ही तळव्यांत खोलवर मार, कठीण बोथट वस्तूचा, वारंवार, जिवंतपणी झालेला, ताजा. माझा आवाज मला आवडला. तो माझ्या वर्गातला आवाज होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. मग मी छेद घोट्याकडे नेला. रक्त थराथरांतून वर, घोट्यापर्यंत सरकलेलं होतं. माझा हात क्षणभर थांबला, कारण मी पुन्हा त्या खिडकीत उभी होते. टेकला की उचलला, टेकला की उचलला. चल.

"चोट के बाद इस आदमी को खड़ा किया गया है," मी कॅमेऱ्याला सांगितलं. "चलाया गया है."

"ये आप कैसे कहेंगी?" द्वारकाजींनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"लेटे हुए आदमी में खून इतनी दूर नहीं सरकता, सर. ये मेरी राय है, और राय की जगह ही लिखूँगी. दिल कमज़ोर था, मानती हूँ. पर ये मौत बीमारी की नहीं है. इस दर्द में कमज़ोर दिल बंद हुआ है."

ज्याने त्याला चालवलं तोही आत्ता कुठेतरी बसून चहा पीत असेल. त्यालाही मुलगी असेल, क्वार्टरच्या खिडकीशी उभी. तो म्हणेल, मारणारे वेगळे होते. ते खरंही असेल. पण बाबा, चालवणं हा माराचाच शेवटचा भाग असतो, आणि तो सगळ्यांत थंड डोक्याने केलेला असतो. हे मी तुम्हाला आज घरी आल्यावर सांगणार आहे. तुमच्यावर माझं प्रेम आहे म्हणून सांगणार नाही असं होणार नाही. तुमच्या बुटांमुळेच मी या टेबलाशी उभी आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच ते कुठे कुठे उभे होते हेही मलाच बोललं पाहिजे.

"मेरी राय मैडम के साथ है," निधी एकदम म्हणाली. या वेळी सर म्हणायला ती विसरली. द्वारकाजी दोन्ही तळव्यांवर वाकून पुष्कळ वेळ पाहत राहिले. उठले तेव्हा चष्मा काढला होता. "लिखिए," ते म्हणाले. "तीनों की एक ही राय जाएगी." आणि मग कॅमेरा बंद झाल्यावर, कुणालाच उद्देशून नव्हे असं: "आज तक कितने पाँव छोड़ दिए होंगे मैंने."

तळवे मी स्वतः शिवले. शवागारात पोत्यासारखे मोठे टाके घालतात, तसे नव्हे, बारीक, जवळजवळ, जिवंत माणसाला घालावेत तसे. वर पट्टी बांधली. हवालदाराला माहीत असलेलं कारण आता नुसत्या हवेत राहिलं होतं. इथे दुसरं कारण होतं, चित्रित झालेलं, तीन सह्यांचं, आणि ते खोडायला कुणी आलंच तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागणार होतं. कोर्टात मला उलटसुलट विचारतील, बदली करतील, करोत. मला बोलता येतं. मी हात धुऊन बाहेर गेले. आईला आधी सांगायला हवं होतं, नाहीतर पट्टी पाहून ती हादरली असती. द्वारकाजी माझ्यामागून आले. त्यांना यायची गरज नव्हती.

मी कट्ट्यापाशी उकिडवी बसले. "माँजी, पाँवों में टाँके हैं. मैंने काटे हैं. देखकर घबराना मत."

तिने तोंडातला पदर काढला. "पाँव क्यों?"

"वहीं मारा था."

सोबतच्या दोघा पुरुषांपैकी एकजण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती मात्र माझ्याकडेच बघत होती, डोळे कोरडे. "लिख दिया?"

"लिख दिया."

"बदलेगा तो नहीं?"

"नहीं बदलेगा. मैं हूँ."

द्वारकाजींनी हात जोडले. त्यांचा आवाज खाली आला होता. "माँजी, माफ़ करना. हम पाँव नहीं काटते. घरवाले आख़िर में पाँव छूते हैं, इसीलिए नहीं काटते."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी खुळ्यासारखं बोललेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"इकलौता था मेरा. घर में सबसे छोटा," ती म्हणाली. "उसके पाँव कौन छूता, डॉक्टर साब? वो मेरे छूता था."